बोनेटवरचं धुकं

९ नोव्हेंबर

गाडी आणली.

एवढं लिहून मी मघापासून त्या दोन शब्दांकडंच पाहून राह्यलो. अख्खी नोकरी एस.टी.चं स्टेअरिंग धरण्यात गेली, पण ते सरकारचं. हे माझं. डायरी मात्र मागच्या वर्षीची आहे, कृषी केंद्रवाल्यानं फुकट दिलेली. वार जुळत नाहीत म्हणून खोडून टाकले.

गाडी दुसरबीडच्या भगवानरावची. चार वर्षं कडुलिंबाखाली उभी होती. फोनवर म्हणे निळी गाडी आहे. जाऊन पाहतो त राखाडी. म्हटलं, भगवानराव, निळी कुठं आहे दाखवा. तो हसला. त्याले वाटलं मी भाव पाडून राह्यलो. मग मीही थोडा पाडलाच.

येताना सुलतानपूरच्या पुढं दिवस बुडायले आला. आजकालच्या ट्रकचे दिवे लय खराब. एकेक दिवा झेंडूच्या फुलासारखा फुटते, पाकळ्याच पाकळ्या. सावकाश आलो. मागं एक टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. वाजवू दे म्हटलं, नवी गाडी आहे.

डोणगावात घरापुढं उभी केली तशी तानुबाई ताट घेऊन बाहेर आली. बोनेटले हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. आमच्या लग्नात तिनं माझ्याकडं एवढ्या मायेनं पाहिलं नव्हतं. म्हणे, "आता मले धामणगावले माहेरी नेसान ना?"

म्हटलं, नेईन. आधी गाडी माणसात आणू दे.

११ नोव्हेंबर

धुतली. धुतल्यावर जास्त वाईट दिसली. चिकाचे डाग, पाखरांच्या विष्ठेचे डाग, आणि सगळ्यावर बारीक ओरखड्यांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं. त्याच्यावर आणखी एक पांढुरकं धुकं.

आमच्या गल्लीतल्या भागवतले बोलावलं. त्याचं मेहकरात गाड्या रंगवायचं दुकान आहे. त्यानं बोट फिरवून समजावून सांगितलं. रंगावर काचेसारखा एक पातळ थर असते, त्याले क्लिअर म्हणतात. ओरखडे त्या थरात असतात. पाणीपेपर, म्हणजे बारीक घासपेपर, ओला करून तो थर जरासा घासायचा, ओरखड्याच्या बुडापर्यंत. बूडच राह्यलं नाही त ओरखडा कुठं राहीन? मग मशीननं पॉलिश करायचं. घासताना पांढरं पाणी निघालं त खुशाल घासायचं. रंगाचं पाणी दिसलं की हात उचलायचा, थर संपला.

"मी करून देतो काका, दोन दिवसाचं काम आहे," म्हणे.

म्हटलं, "मीच करीन."

"काऊन?"

काऊन ते मलेही माहीत नव्हतं. रिटायर झाल्यापासून मी सकाळी उठतो, चहा पितो आणि दुपारची वाट पाहतो. आज पहिल्यांदा असं वाटलं की उद्या लवकर उठलं पाहिजे.

१५ नोव्हेंबर

सामान आणलं. पाणीपेपर तीन जातीचा, मागं धरायले रबरी ठोकळा, पॉलिशचं मशीन, लोकरीचं एक पॅड, फोमचं एक. तानुबाईनं लोकरीचं पॅड हातात घेऊन पाहिलं आणि म्हणे, याची टोपी बरी झाली असती.

डिकीवर सुरुवात केली. साबणाचं पाणी मारायचं, पेपर फिरवायचा, पुसायचं, पाहायचं. एका घंट्यात सारी डिकी पाटीसारखी मेली. होती नव्हती ती चमक गेली. तानुबाई ओट्यावरून म्हणे, "आपली गाडी शाळेत टाकली का?"

मग मशीन लावलं. पेस्ट पसरली, हळूहळू फिरवलं, पुसलं. आणि त्या जागी, ताटाएवढ्या जागेत, आमच्या आंगणातलं पेरूचं झाड उभं होतं. डिकीत. पानासहित.

मी गल्लीतल्या प्रत्येकाले बोलावून दाखवलं. दूधवाला निवृत्ती, समोरची रुखमाबाई, रुखमाबाईचे पाहुणे. निवृत्तीनं त भांग पाडून घेतला त्यात. मले आज जेवायची शुद्ध नव्हती. तानुबाईनं ताट गाडीपाशी आणून ठेवलं आणि मी डिकीकडं पाहत भाकर खाल्ली.

एकच आहे, थोडं धुकं अजून आहे. उद्या पुन्हा एक हात मारतो.

२२ नोव्हेंबर

उजवी बाजू झाली. सारे म्हणतात काचेसारखी झाली. मले धुकं दिसते. लोकायले काय कळते, त्यायले नुसतं चकाकलं की झालं. मी तिसऱ्यांदा पॉलिश मारलं.

तानुबाई म्हणे, "चष्मा पुसा."

पुसला. चष्म्याची काचच खराब निघाली असन.

बचत गटाच्या बायका आजकाल मेहकरात मीटिंगा घेऊन राह्यल्या, एवढ्या कलेक्टरही घेत नसन. तानुबाई सोमवारी गेली, बुधवारी गेली, आज पुन्हा गेली. आली ते डावा पाय धरून. गुडघा दुखते म्हणे. म्हटलं, मीटिंगमध्ये बसून डावाच पाय कसा दुखते? म्हणे, डाव्या बाजूले बसले होते. रात्री तेल लावून दिलं.

१ डिसेंबर

आज गिऱ्हाईक आलं. मी दुकान उघडलं नाही न काही नाही, तरी गिऱ्हाईक आलं.

महामाया इंगळे नावाची पोरगी आहे, मेहकरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकवायची गाडी घेऊन आली, समोर-मागं मोठा लाल एल. म्हणे, "काका, तुमचं नाव ऐकलं. ही डावी बाजू पाहा बरं." पाहिली. मडगार्डपासून दारापर्यंत लांबच लांब घासटलेलं, कुठल्या तरी गेटच्या खांबाले.

मी म्हटलं, "कोण बिनडोक शिकून राह्यलं तुझ्याकडं? एवढा मोठा खांब दिसला नाही?"

महामाया खाली पाहून म्हणे, "आहेत एक बाई. हुशार आहेत, पण डावीकडचा अंदाज अजून येत नाही."

"त्या बाईले म्हणा भाकरी थाप. हे प्रत्येकाचं काम नाही."

तानुबाई तेव्हाच चहा घेऊन आली होती. तिनं महामायाले कप दिला आणि माझा कप घेऊन परत आत गेली. पाहुण्यासमोर असं काऊन केलं कोण जाणे. नंतर मागितला त म्हणे, भाकरी थापून राह्यले.

मी त्या पोरीले बरोबर सांगितलं, हा ओरखडा पाणीपेपरचा नाही, खोल गेला, नख अडकते त्यात. त्याले भागवतच पाहिजे. तरी आजूबाजूचं पॉलिश करून दिलं. पैसे घेतले नाहीत. पहिलं गिऱ्हाईक आहे.

४ डिसेंबर

तानुबाईले माझ्या नोकरीत आता कुठं गोडी वाटून राह्यली. इतकी वर्षं मी ड्युटीवरून यायचो त ती विचारायची, डबा संपला का. आज जेवताना म्हणे, "चढावर गाडी थांबली आणि पुन्हा उचलताना मागं जाऊन राह्यली, त काय करते हो ड्रायव्हर?"

मी हात धुवायचा राह्यलो. हँडब्रेक कसा धरायचा, क्लच कुठपर्यंत सोडायचा, इंजिनचा आवाज जड झाला की कसं समजते, सारं सांगितलं. पाटावर बसल्या बसल्या पायानं करून दाखवलं. ती एवढं मन लावून ऐकत होती की मले भरून आलं. शेवटी म्हणे, "आणि पहिल्यात टाकताना कर्रकन वाजलं त?"

म्हटलं, त क्लच पुरा दाबला नाही. हे तुले कसं सुचलं?

म्हणे, एस.टी.त बसून बसून ऐकते ना माणूस.

बाई म्हातारपणी माणसाले समजून घेते ते खोटं नाही.

१२ डिसेंबर

वाईट झालं.

बोनेट घेतलं होतं. सकाळपासून मजेत काम चाललं होतं, रेडिओ लावलेला. तानुबाई बाजूले तूर निवडत बसली होती. मधीच म्हणे, "अहो, पाणी निळं येऊन राह्यलं."

म्हटलं, पांढरं आहे.

"निळं आहे."

म्हटलं, तुझ्या लुगड्याचा रंग पडते त्यात. सरक जराशी.

ती सरकली नाही, उठून आली आणि माझं मनगट धरलं. तेव्हा पुसून पाहिलं. बोनेटच्या धारेवर, दोन बोटं रुंद, रंगच नाही. खालचं मातकट अस्तर उघडं. धारेवर थर पातळ असते हे भागवतनं सांगितलं होतं, मी तिथंच जोर दिला.

मी पायरीवर बसलो. एस.टी.त कधी साधा आरसा फुटू दिला नाही मी. तानुबाई शेजारी येऊन बसली. मले वाटलं टोमणा मारीन. ती फक्त माझ्या तोंडाकडं पाहत होती, डोळ्याकडं, जसं मुलाले ताप आला का पाहतात तसं.

"पाणी खरंच पांढरं दिसलं तुमाले?" तिनं विचारलं.

"हाव ना. पांढरंच होतं."

२० डिसेंबर

भागवतनं बोनेट खोलून मेहकरले दुकानात नेलं आणि रंगवून दिलं. आणि मी त्याच्याशी भांडून आलो.

त्यानं निळं मारलं. म्हणजे मले तिथंही राखाडीच दिसत होतं, पण जरा वेगळं. म्हटलं, रंग जुळला नाही, तू डब्यावरचं नाव वाचून मारला. तो म्हणे, काका, कागदावर निळा आहे, गाडी निळी आहे, डबा निळा आहे. म्हटलं, कागदावर काय, आर.टी.ओ.च्या कारकुनानं चुकीचं लिहिलं असन. तो हातातला फवारा ठेवून माझ्यासमोर आला. पुठ्ठ्याचे दोन तुकडे वर धरले. म्हणे, यातला कोणता राखाडी?

मी म्हटलं, "दोन्ही. मले शाळेत बसवतं का बे?"

त्यानं पुठ्ठे बाजूले ठेवले आणि फवारा पुन्हा उचलला. संध्याकाळी घरी येऊन तानुबाईशी ओट्यावर बोलत होता, मले येताना पाहून चूप झाले दोघंही. माझी चुगली करत असन. करू दे.

२७ डिसेंबर

नवा रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसत होता, दाणेदार. तो भागवतचा दोष नाही, फवाऱ्याचा रंग तसाच बसते, मग घासून सपाट करावा लागते. यावेळी तानुबाईले पाण्यावर पहारा ठेवून बसवलं. ती "पांढरं" म्हणायची, मी घासायचो. "पांढरं." "पांढरं." "थांबा." थांबलो. अशी जोडी डेपोत कोणाची नव्हती. दुपारपर्यंत सालीची काच झाली.

लय मजा आली. तिनं पॉलिशचं मशीनही धरून पाहिलं. हातात असं घट्ट, दोन्ही कोपर आत, नजर समोर. म्हटलं, तुले कोणी शिकवलं असं धरायले? म्हणे, सवय आहे. मिक्सरची असन.

९ जानेवारी

आज तानुबाई महामायासोबत बुलढाण्याले गेली, जिल्ह्याची बचत गटाची सभा होती म्हणे. पहाटे आंघोळ करून, देवाले नारळ ठेवून निघाली. संध्याकाळी आली ते पेढे घेऊन. म्हटलं, कायचे पेढे? म्हणे, पास झाले. मग म्हणे, म्हणजे ठराव पास झाला.

चांगला ठराव होता वाटते. रात्री भांडे घासताना गाणं म्हणत होती.

गाडी पूर्ण झाली आहे, पण मी पुन्हा एकदा फोमचं पॅड फिरवणार. धुकं जातच नाही. रस्त्यावरच्या दिव्याभोवतीही आता गोल दिसते. हिवाळ्याचं धुकं असन यंदा जास्त.

१८ जानेवारी

तानुबाईनं विचारलं, माहेरी कधी नेता. म्हटलं, धुकं गेल्यावर.

ती म्हणे, "गाडी घेऊन तुमी त्या दिवशीपासून रस्त्यावर गेलेच नाही. दुसरबीडवरून आणली त्यानंतर नाही."

म्हटलं, पॉलिश खराब होईन.

इथं खरं लिहितो, ही डायरी कोणी वाचत नाही. मले जावंसं वाटत नाही. ट्रकच्या दिव्यांची ती झेंडूची फुलं पाहिली तेव्हापासून जावंसं वाटत नाही. आमच्या डेपोत ड्रायव्हरचे डोळे फेल झाले की त्याले गेटवर खुर्ची टाकून देत. आलेली गाडी, गेलेली गाडी लिहायची. मी त्या माणसांना नमस्कार करायचो आणि लवकर पुढं जायचो.

पण माझे डोळे ठीक आहेत. हे फक्त धुकं आहे.

२४ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

दुपार कलल्यावर मीच म्हटलं, चल, मेहकरले जाऊन येऊ, भागवतले गाडी दाखवू. मनातून त्याच्याशी गट्टी करायची होती. तानुबाई बाजूले बसली. गल्लीतून निघालो तेव्हा रुखमाबाई ओट्यावर उभी राह्यली. मी एक हात बाहेर काढला, मंत्र्यासारखा.

गावाबाहेर ऊन समोरून आलं. बोनेट चमकलं, काच पांढरी झाली, सारं दुधात बुडाल्यासारखं. मी म्हटलं जातो सरळ, रस्ता पाठ आहे. तानुबाई म्हणे, "सायकल." मी म्हटलं, कुठं. ती म्हणे, "सायकल," आणि दुसऱ्या क्षणी तिनं हँडब्रेक ओढला. जोरात, दोन्ही हातांनी. गाडी घसरत आडवी झाली आणि थांबली. इंजिन बंद पडलं.

बोनेटच्या पुढं, हातभर अंतरावर, शाळेतून घरी चाललेली एक पोरगी सायकल धरून उभी. तिले काही समजलंच नव्हतं. आत वाकून पाहत म्हणे, "आजोबा, पंक्चर झालं का?"

तानुबाई म्हणाली, "नाही बेटा, जा तू." पोरगी घंटी वाजवत गेली.

मले ती दिसली नव्हती. ऊन, बोनेट, चमक, काही कारण नाही. सायकल होती, लाल दप्तर होतं म्हणे, आणि मले ते दिसलं नाही. हे इथं लिहितो म्हणजे मले पुन्हा दुसरं काही म्हणता येणार नाही.

तानुबाई म्हणाली, "उतरा."

उतरलो. वाटलं आता पायी घरी जायचं. ती फिरून माझ्या बाजूले आली, स्टेअरिंगवर बसली, सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, पट्टा लावला. मले म्हणे, "बसा तिकडून."

"तानू, ही गंमत करायची वेळ नाही."

"बसा म्हटलं ना. मागून ट्रक येऊन राह्यला."

बसलो. तिनं क्लच दाबला, चावी फिरवली, पहिल्यात टाकली, हँडब्रेक सोडला. कर्रकन वाजलं नाही. गाडी उचलली जशी आई झोपलेलं लेकरू उचलते. उजवीकडं दिवा दिला, वळवली आणि डोणगावचा रस्ता धरला.

मग म्हटलं, "लायसन?"

"नऊ तारखेले मिळालं. पेढे खाल्ले तुमी."

"आणि महामायाच्या गाडीले खांब..."

"मीच घासटली. भाकरी थापणारी."

मले हसू यायचं कारण नव्हतं, पण आलं. असं आलं की थांबेना, डोळ्यात पाणी आलं, आणि ते हसण्याचंच होतं का हे मले सांगता येत नाही. ती समोर पाहून चालवत होती. मी म्हटलं, सांगितलं काऊन नाही. ती म्हणे, "काय सांगू? तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू असन असं मले गाडी आली तेव्हापासून वाटून राह्यलं. बोलले त तुमी नुसता चष्मा पुसता. भागवतनं पुठ्ठे दाखवून पाहिले. आता गाडी शिकायच्या आधीच तुमाले दवाखान्यात ओढलं असतं, तर तुमी म्हणले असते, माझे डोळे गेले, आता गाडी विका. म्हणले असते का नाही?"

म्हटलं, म्हणलो असतो.

"मले गाडी विकायची नव्हती. तुमी रिटायर झाल्यावर पहिल्यांदा सकाळी शीळ घालत उठले."

घरापुढं तिनं गाडी एका फेऱ्यात लावली. भिंतीपासून वीतभर. रुखमाबाई अजून ओट्यावरच होती. तिच्या हातातलं सूप तसंच राह्यलं.

२५ जानेवारी

दिवसभर सारं गाव मागून हसते असं वाटत होतं. महामाया, भागवत, सारे मिळालेले.

संध्याकाळी म्हटलं, "दवाखान्यात कधी जायचं?"

ती म्हणे, "नंबर लावला आहे."

३ फेब्रुवारी

डॉक्टर बाई तरुण आहेत, गोड बोलतात. म्हणाल्या, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा चांगलाच पिकलाय. तुम्हाला रंग फिके, मातकट दिसत असतील. विशेषतः निळा."

तानुबाई माझ्याकडं पाहत नव्हती. छताकडं पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

मी विचारलं, "डॉक्टर, दिव्याभोवती झेंडूचं फूल दिसते, तेही त्याचंच?"

"त्याचंच."

"आणि गाडीवर धुकं?"

त्यांना ते समजलं नाही. तानुबाईनं समजावून सांगितलं. मग डॉक्टरही छताकडं पाहू लागल्या.

१२ फेब्रुवारी

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दुखलं नाही. आज सकाळी पट्टी काढली.

पहिल्यांदा दिसला तो खिडकीचा पडदा. निळा. असा निळा मी किती वर्षांत पाहिला नाही, नीळ टाकलेल्या बादलीसारखा. मग डॉक्टरांचे दात. मग तानुबाई. तिच्या कपाळावर डाव्या बाजूले बारीक पांढरी बट आहे, ती कधी आली मले माहीत नव्हतं. मी तिच्याकडं एवढा वेळ पाहत राह्यलो की नर्स लाजून बाहेर गेली.

"काय पाहता?" तानुबाई म्हणे.

म्हटलं, "तू निळ्या लुगड्यात आली."

"हे हिरवं आहे."

नर्सनं बाहेरून सांगितलं, हिरवंच आहे. पण मी आता प्रत्येक गोष्टीले निळं म्हणणार, एवढी वर्षं राह्यलेलं भरून काढायचं आहे.

खाली गाडी उभी होती. मी पायऱ्या उतरलो आणि थांबलो. निळी. टच्च निळी. आणि मग जवळ गेलो तेव्हा दिसलं की माझं काम कसं झालं आहे. छपराच्या मधोमध चादरीएवढी जागा मी कधी घासलीच नव्हती, तिथं जुनं जाळं जसंच्या तसं. डाव्या दारावर मशीनचे गोल गोल वळ, जिलेबीसारखे. उजवीकडं एवढं पॉलिश मारलेलं की तिथली चमकच मेली. डिकी मात्र खरोखर काचेसारखी, पेरूचं झाड नव्हतं तिथं पण दवाखान्याची पाटी उलटी वाचता येत होती.

मी म्हटलं, "सारे म्हणत होते चकाचक झाली."

तानुबाई म्हणे, "सारे तुमच्याकडं पाहून म्हणत होते."

गाडीच्या बाजूले उभा राहूनच भागवतले फोन लावला. म्हटलं, बे भागवत, बोनेट निळंच आहे. तो म्हणे, काका, आता मले चहा पाजा, मी तुमच्या शिव्या ऐकून महिनाभर माझ्याच डोळ्यात औषध टाकून राह्यलो होतो.

२ मार्च

थेंब चालू आहेत. डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ द्यायची नाही म्हणून पाणीपेपरले हात लावायची बंदी. पॉलिशचं मशीन तानुबाईनं गोदरेजच्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. मी ओट्यावर बसून सांगतो आणि ती छपरावर घासते, असं ठरलं होतं. ती म्हणे, सांगू नका, मले दिसते.

दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढल्या महिन्यात आहे. महामायानं तिच्या शाळेच्या बोर्डावर तानुबाईचा फोटो लावला आहे. खाली लिहिलं आहे की वयाची अट नाही. आता गावातल्या आणखी दोघी जातात. रुखमाबाईनं मले येऊन विचारलं, क्लच म्हणजे कोणत्या पायाचा.

१५ मार्च

धामणगाव बढेले आलो. तानुबाईच्या माहेरी, तिच्या भावाच्या ओसरीत बसून लिहून राह्यलो.

सकाळी निघालो. मेहकर, चिखली, बुलढाणा. गाडी तीच चालवत होती, मी डाव्या सीटवर. सुरुवातीले माझा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. तिनं सांगितलं, पाय वर घेऊन बसा. घेतला. मांडी घालून बसलो.

बुलढाण्याच्या पुढं राजूर घाट लागला. या घाटातून मी किती वेळा बस नेली असन, मोजदाद नाही. उन्हात, पावसात, जत्रेची गर्दी दारात लटकलेली. प्रत्येक वळण माझ्या हातांना पाठ. पण आज हात मांडीवर होते. करायले काही नव्हतं, म्हणून खिडकीतून बाहेर पाहिलं.

साऱ्या दरीत पळस फुललेला. वरपासून खालपर्यंत, पान एक नाही, नुसता लाल. मधून एक मोर उडाला. मोर उडते हे मले माहीत होतं, पण एवढं शेपूट घेऊन असा आरामात उडते हे नव्हतं. पलीकडच्या डोंगरावर एक पांढरं देऊळ होतं, इवलंसं, त्याच्याकडं जाणारी पायवाट वाकडी वाकडी. खाली कोणीतरी म्हशी धुवत होतं. डोंगरामागं डोंगर, शेवटचा त निळाच.

मी म्हटलं, "तानू, हे सारं इथं पहिल्यापासून होतं?"

ती म्हणे, "हाव. मी माहेरी जाता-येता पाहत होते. तुमच्याच बसमध्ये बसून."

"मग सांगितलं काऊन नाही कधी?"

"ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी होती समोर."

समोरून एस.टी. आली. तिनं गाडी डावीकडं घेतली, थांबली, एस.टी.ले वाट दिली. वर बसलेला ड्रायव्हर माझ्या ओळखीचा होता. त्यानं हात वर केला, मग स्टेअरिंगवर कोण आहे ते पाहिलं, आणि तो हात तसाच वर राह्यला. मी खिडकीतून त्याले ओरडून सांगितलं, "अरे, तिकडं पळस पाह्य, पळस!"

तानुबाई म्हणे, "त्याले रस्त्याकडं पाहू द्या. आणि तुमीही आता थोडं चूप बसा, पुढं वळण आहे."

चूप बसलो. म्हणजे घाटाखालच्या मोताळ्यापर्यंत नाही बसलो, पण त्या वळणापुरतं बसलो.